रोझ बोल सोडू नका : एलएच्या मराठी ब्रुइन मंडळींना खुलं पत्र

नोव्हेंबर २०२५

एलए (लॉस एंजेलिस) आणि आसपासच्या सगळ्या मराठी ब्रुइन, म्हणजे यूसीएलएच्या आजी-माजी विद्यार्थी मंडळींनो,

नमस्कार. गेले दोन-तीन आठवडे आपल्या ग्रुपवर जे चाललंय ते वाचतोय. कोणी म्हणतंय आपली फुटबॉल टीम रोझ बोल स्टेडियम सोडून सोफाय स्टेडियमला गेली तर बरंच होईल, घरापासून वीस मिनिटं, कोणी म्हणतंय आपल्याला काय करायचंय, आपण वर्षातून एक मॅच बघतो, आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे. तिथे चार ओळी टाकून माझं समाधान होईना म्हणून हे लांबलचक लिहायला बसलोय. जमलं तर पूर्ण वाचा.

ज्यांनी बातम्या नीट बघितल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. रोझ बोल आपल्या युनिव्हर्सिटीच्या मालकीचं नाही, ते पॅसाडेना शहराचं आहे. यूसीएलए तिथे १९८२ पासून भाडेकरू आहे, आणि करार २०४४ पर्यंतचा आहे. आता युनिव्हर्सिटी इंगलवूडच्या सोफाय स्टेडियमला जायच्या तयारीत आहे असं म्हणत ऑक्टोबरच्या शेवटी शहराने कोर्टात दावा लावलाय. युनिव्हर्सिटी म्हणते अजून काही ठरलेलं नाही. ग्रुपवर काहीजण हे वाक्य वाचून चिडले, मला मात्र त्यातच आशा दिसते, कारण ठरलं नसेल तर आपल्यासारख्यांनी बोलायची वेळ हीच आहे, एकदा ठरल्यावर पत्रं लिहून काय होणार.

मी का एवढा जीव लावून बोलतोय ते आधी सांगतो.

माझे बाबा दादरचे. कॉलेजात असताना, फेब्रुवारी १९७३ मध्ये, त्यांनी ब्रेबॉर्नवर इंग्लंडची टेस्ट बघितली. फारुख इंजिनियरची सेंच्युरी, विश्वनाथची सेंच्युरी, ती झाल्यावर साडेसहा फुटी टोनी ग्रेगने विश्वनाथला लहान पोरासारखं उचलून घेतलेलं, सलीम दुराणी बॅटिंगला आला की लोक ओरडून सिक्स मागायचे आणि तो मारायचा, हे सगळं मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मीच बघितल्यासारखं वाटतं. त्या टेस्टनंतर ब्रेबॉर्नवर ३६ वर्षं टेस्ट झाली नाही. भांडण कशावरून, तर तिकिटांच्या वाटपावरून. ब्रेबॉर्नचा क्लब (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) एक म्हणाला, मुंबईची असोसिएशन दुसरं म्हणाली, असोसिएशनचे शेषराव वानखेडे हट्टाला पेटले आणि हाकेच्या अंतरावर, रेल्वेच्या रुळांशेजारी, नवं स्टेडियम उभं राहिलं, जानेवारी १९७५ ला तिथे वेस्ट इंडिजची टेस्टसुद्धा झाली. बाबांनी वानखेडेला कधी नावं ठेवली नाहीत, पुढची सगळी वर्षं ते तिथेच जात होते. पण डिसेंबर २००९ ला श्रीलंकेची टेस्ट ब्रेबॉर्नला आहे कळल्यावर त्यांनी ओळखीच्या तीन माणसांकडे शब्द टाकून दुसऱ्या दिवसाची दोन तिकिटं मिळवली आणि मला घेऊन गेले. सेहवाग संध्याकाळी २८४ नॉट आउट होता. बाबांचं अर्धं लक्ष मॅचमध्ये आणि अर्धं स्टँडकडे, इथे मी बसलो होतो, तिथून दुराणी आत आला. घरी जाताना ट्रेनमध्ये एवढंच म्हणाले, बरं झालं पाडलं नाही.

पुढच्या वर्षी मी इथे एमएसला आलो.

इथलं, म्हणजे अमेरिकन, फुटबॉल मला अजिबात कळत नव्हतं. पहिल्या वर्षी रूममेटबरोबर विद्यार्थ्यांच्या बसमधून रोझ बोलला गेलो ते फुकटात फिरायला मिळतंय म्हणून. पण अरोयोच्या उतारावरून खाली येताना ते स्टेडियम दिसलं ना, दरीच्या तळाशी ठेवलेल्या परातीसारखं, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, गोल्फ कोर्सच्या हिरवळीवर गाड्या लावून लोक शेगड्या पेटवून बसलेले, मुलं गाड्यांच्या मधून बॉल फेकतायत, तेव्हा पहिल्यांदा मला या शहरात जत्रेला आल्यासारखं वाटलं. अरोयो सेको म्हणजे स्पॅनिशमध्ये कोरडा ओढा. त्या ओढ्याच्या खोलगट जागेत १९२२ साली मायरन हंट या आर्किटेक्टने हे बांधलं, सुरुवातीला घोड्याच्या नालासारखं होतं, दक्षिणेची बाजू १९२८ मध्ये बंद केली. १९८४ च्या ऑलिंपिकची सॉकरची (आपल्याकडच्या फुटबॉलची) फायनल इथे, १९९४ च्या सॉकर वर्ल्ड कपची फायनल इथे, इटलीच्या बॅजिओने पेनल्टी बाहेर मारली तो गोलपोस्ट इथला, १९९९ च्या महिला वर्ल्ड कपच्या फायनलला नव्वद हजारांच्या वर लोक इथे होते. १९८७ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे.

आणि बाहेर जॅकी रॉबिन्सनचा पुतळा आहे तो जाता-येता बघितला असेल सगळ्यांनी. बेसबॉलमधला वर्णभेद ज्याने मोडला तो माणूस याच पॅसाडेनात वाढला, ज्युनियर कॉलेजचं फुटबॉल रोझ बोलमध्येच खेळला आणि मग आपल्या यूसीएलएला आला. पुतळा फुटबॉलच्या कपड्यांतला आहे. आपल्या युनिव्हर्सिटीला याहून जवळचं नातं सांगणारी दुसरी जागा कॅम्पसबाहेर कुठे आहे, मला तरी माहीत नाही.

आता ती मॅच, ज्यांनी बघितली त्यांना पाठ आहे. ३ सप्टेंबर २०१७, टेक्सस ए अँड एम. आई-बाबा उन्हाळ्यात आले होते, म्हटलं चला. हाफ टाइमला आपण ३८-१० ने मागे, तिसऱ्या क्वार्टरमध्ये ४४-१०. लोक उठून पार्किंगकडे निघाले, मीही म्हटलं बाबा निघूया, ट्रॅफिक लागेल. बाबांना नियम अर्धेसुद्धा कळले नव्हते पण ते हलले नाहीत. म्हणाले, टेस्ट बघणारा माणूस चौथ्या दिवशी उठून जात नाही. मग जे झालं ते झालं, एकामागून एक पाच टचडाउन, शेवटी ४३ सेकंद राहिलेले असताना आपला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) रोझनने बॉल आपटून घड्याळ थांबवायचं नाटक केलं आणि न थांबता कोपऱ्यात लॅस्लीकडे फेकला, ४५-४४. आईने शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली होती. डोंगर तोवर काळोखात गेले होते आणि बाबा हळूच म्हणाले, हे तुमचं ब्रेबॉर्न आहे रे.

बाबा आता नाहीत. म्हणूनही असेल, पण तेवढ्यासाठीच मी हे लिहीत नाहीये.

जे सोफायच्या बाजूने बोलतायत त्यांचं म्हणणं मला पटतं तिथे पटतं. वेस्टवूडपासून रोझ बोल २६ मैल आहे, शनिवारी दुपारी ४०५ आणि १३४ करत जायला दीड-दोन तास सहज जातात, सोफाय त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. टॉरन्स-सेरिटोसच्या लोकांना तर इंगलवूड फारच सोयीचं. सप्टेंबरच्या उन्हात उघड्या बाकड्यांवर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, आत जायचे बोगदे अरुंद आहेत, बाथरूमच्या रांगा लांब असतात. २०२० ला उघडलेलं सोफाय डोक्यावर छत असलेलं, सत्तर हजारांचं, पाच अब्ज डॉलरच्या वर खर्च करून बांधलेलं स्टेडियम आहे, मी रॅम्सची (एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधली टीम) मॅच तिथे बघितली आहे, तो स्क्रीन बघून कोणीही थक्क होईल. रोझ बोलमध्ये जवळजवळ नव्वद हजार जागा आहेत आणि आपल्या मॅचला निम्म्या रिकाम्या असतात, टीव्हीवर ते वाईट दिसतं, ज्यांना टीममध्ये घ्यायचंय ती मुलं ते बघतात. हे सगळं खरं आहे.

पण रिकाम्या का असतात? माझा सगळा मुद्दा इथे आहे. ३ सप्टेंबर २०२२ ला बोलिंग ग्रीनच्या मॅचला २७,१४३ लोक होते, रोझ बोलमधला आपला नीचांक. ती मॅच उष्णतेच्या लाटेत, भर दुपारी, आणि आपल्याकडे क्वार्टर सिस्टिम (छोट्या सत्रांची, वर्ष उशिरा सुरू होणारी पद्धत) असल्यामुळे क्लासेस सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी. विद्यार्थी शहरातच नव्हते! सोफायला हलवल्याने ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार आहेत का? टीम हरत असली की लोक येत नाहीत, टीम जिंकत असली की याच रोझ बोलला, याच ट्रॅफिकमधून येतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्या गोष्टी बदलायला हव्यात त्या स्टेडियम बदलून बदलत नाहीत, आणि सत्तर हजारांच्या भव्य हॉलमध्ये तीस-पस्तीस हजार लोक बसले तर तेही रिकामंच दिसणार, वर छत असल्याने कदाचित जास्तच.

दुसऱ्यांनी हे करून बघितलंय. मायामी युनिव्हर्सिटी कित्येक दशकं ऑरेंज बोलमध्ये खेळायची, शहरातच, लिटल हवाना वस्तीत. जुनं, गळकं, हलणारं स्टेडियम, पण १९८५ ते १९९४ मध्ये तिथे ते सलग ५८ होम मॅच जिंकले. २००७ ला सोडलं, शेवटची मॅच व्हर्जिनियाकडून ४८-० ने हरले, आणि गेले कुठे, तर एनएफएलच्या टीमच्या स्टेडियममध्ये, भाड्याने, कॅम्पसपासून वीसेक मैलांवर. ऑरेंज बोल २००८ मध्ये पाडलं, आज तिथे बेसबॉलचं पार्क आहे. मायामीचे लोक अजून त्याची आठवण काढतात, आणि परत जायला जागाच नाहीये. आपण जे दुसऱ्याच्या घरात राहायला निघालोय त्याचा हा अगदी जवळचा नमुना आहे. सोफायमध्ये रॅम्स आणि चार्जर्स या एनएफएलच्या टीम आधी, मैफली, सुपर बोल, मग आपण. तिथल्या भिंतीवर आपलं नाव शनिवारी लागेल आणि रविवारी उतरेल.

स्टॅनफर्डने २००५ ला १९२१ चं स्टेडियम पाडून त्याच जागी, एका सीझनच्या आत, पन्नास हजारांचं नवं बांधलं. छान आहे, बघायला सोपं आहे. तरी टीम हरायला लागल्यावर तेही भरत नाही. आपल्याच युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सिस्टिममधल्या बर्कलीची गोष्ट तर रीजेंट्सना (सिस्टिम चालवणाऱ्या मंडळाला) तोंडपाठ असायला हवी. १९२३ चं मेमोरियल स्टेडियम हेवर्ड फॉल्ट या भूकंपाच्या भेगेच्या बरोब्बर वर, त्यामुळे भूकंपासाठी काम करणं भागच होतं, ३२ कोटी १० लाख डॉलर खर्च करून २०१२ ला पुन्हा उघडलं. खर्च भागवायचा बेत होता महागड्या सीट्स वर्षानुवर्षांसाठी विकायचा, त्या ठरवल्याप्रमाणे गेल्या नाहीत, आणि कर्जाचा मोठा भाग शेवटी कॅम्पसने उचलला. प्रीमियम सीट्सच्या पैशांवर स्वप्नं बांधताना हे विसरून कसं चालेल.

आणि हे सांगताना जड जातं, पण समोरच्या यूएससीने, शहरातल्या आपल्या प्रतिस्पर्धी युनिव्हर्सिटीने, हे आपल्यापेक्षा शहाणपणाने केलं. त्यांचं कोलिझियम स्टेडियमही जवळजवळ तेवढंच जुनं, तेही त्यांच्या मालकीचं नाही. त्यांनी ३१ कोटी ५० लाख डॉलर घातले, नव्वद हजारांच्या वरून जागा साडेसत्याहत्तर हजारांवर आणल्या, बाकड्यांच्या जागी खुर्च्या, मधे चढायला वाट आणि हाताला कठडे, २०१९ ला काम संपलं. कमानी तशाच, मशाल तशीच. शिकागोच्या सोल्जर फील्डसारखं जुन्या खांबांच्या आत परकं भांडं बसवून ऐतिहासिक दर्जा गमावला नाही. आपणही रोझ बोलच्या टोकाच्या रांगा कायमच्या कमी करू शकतो, आताही त्यांच्यावर ताडपत्री घालतातच की. उन्हाच्या बाजूला सावली, खुर्च्या, जास्त बाथरूम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, वेस्टवूडहून फक्त विद्यार्थ्यांसाठी नाही तर माजी विद्यार्थ्यांसाठी, म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी बसेस. शहराला म्हणावं बसा, उत्पन्नाच्या वाटणीवर पुन्हा बोलू. भाडेकरूने मालकाशी घासाघीस करणं वेगळं आणि रात्रीतून सामान बांधणं वेगळं.

कारण शब्द दिलेला आहे. शहराने मधल्या काळात रोझ बोलवर १५ कोटी डॉलरच्या वर खर्च केलाय, कर्ज काढून, आणि ते कर्ज काढताना यूसीएलए पुढची वीस वर्षं इथे आहे हे धरून काढलंय. पॅसाडेना हे काही अब्जाधीश मालक नाही, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे, त्यांची लायब्ररी, त्यांचे रस्ते याच तिजोरीतून चालतात. आपल्यातले कितीतरी जण तिथे राहतात, जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेत आणि कॅलटेकला काम करतात. जानेवारीत ईटनची आग लागली तेव्हा पॅसाडेनाला लागूनच्या अल्टाडीनाची घरं रात्रीत गेली, आपल्या ओळखीचं एक कुटुंब दोन मुलं आणि देवघरातली गणपतीची मूर्ती एवढंच घेऊन आमच्याकडे आलं होतं, नऊ दिवस राहिले. त्या दिवसांत आग विझवणाऱ्यांचा तळ कुठे होता? रोझ बोलच्या मैदानांवर. जिथे आपण वडे तळतो तिथे राज्यभरातून आलेले फायर फायटर तंबूत झोपत होते. ज्या शहराच्या दारात एवढं जळलं त्याच वर्षी त्यांना सांगायचं की आम्ही निघालो, पुढच्या एकोणीस वर्षांचं तुमचं तुम्ही बघा? मला हे बघवत नाही. कोर्ट करारातल्या कलमांचं काय ते ठरवेल, पण पब्लिक युनिव्हर्सिटीने पब्लिकला दिलेला शब्द पाळावा एवढं सांगायला वकील लागत नाही.

ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की आपण इथले नाही, आपल्याला कोण विचारतो. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. आपण इथे शिकलो, फिया भरल्या, काहींची मुलं आता तिथे शिकतायत, दर वर्षी देणगीसाठी फोन येतात तेव्हा आपण इथले असतो. देणगीच्या फॉर्मवर एक ओळ लिहायची जागा असते, तिथे लिहा की रोझ बोल सोडू नका. चॅन्सेलरच्या ऑफिसला आणि रीजेंट्सना ईमेल करा, इंग्रजी नीट जमत नसेल तर मला सांगा, मी बसून लिहायला मदत करतो, पण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहा, एकच मजकूर दोनशे जणांनी पाठवला की तो कोणी वाचत नाही. तुम्ही पहिल्यांदा कधी गेलात, कोणाला घेऊन गेलात ते लिहा. ज्यांना सोफायच हवंय त्यांनीही लिहा, पण करार आणि शहराचं कर्ज याचं काय करायचं तेही सोबत सांगा.

आणि या २२ तारखेला या. वॉशिंग्टनविरुद्ध यंदाची शेवटची होम मॅच आहे, सीझन वाईट गेलाय हे मला माहीत आहे, तिकिटं स्वस्तात मिळतायत. आम्ही किकऑफच्या तीन तास आधी गोल्फ कोर्सवर पोहोचतोय, उत्तरेच्या बाजूला, डोंगर समोर दिसतात तिथे. गाडीला भगवा आणि निळा असे दोन झेंडे असतील. बटाटेवडे आणि चहा आमच्याकडून, दोन जास्तीच्या घडीच्या खुर्च्या आहेत, आई-बाबा आले असतील तर त्यांना जरूर आणा. स्वेटर मात्र विसरू नका, सूर्य डोंगराआड गेला की अरोयोत एकदम गार पडतं.

तुमचाच,
एक मराठी ब्रुइन